टॅबलेटसाठी ॲप : आधी कोणत्या प्रणालीवर?



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेऊन बाहेर पडत आहेत. एखादा म्हणतो, “मी टॅबलेटवर चालणारे ॲप तयार करतो,” आणि घरातून भांडवल मागतो. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो प्रणालीचा. इथे निवड चुकली तर मेहनत आणि घरचा पैसा, दोन्ही जातात. म्हणून हा पाठ.

टॅबलेटच्या मुख्य प्रणाली आज तीन : ॲपलच्या आयपॅडची आयपॅडओएस, गुगलची अँड्रॉइड आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज. एकीसाठी केलेले ॲप दुसरीवर जसेच्या तसे चालत नाही.

मागे काय घडले ते पाहू. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीस आला. त्याचे यश पाहून इतर कंपन्याही उतरल्या. १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत एचपी कंपनीने ‘टचपॅड’ बाजारात आणला. त्याची वेबओएस प्रणाली जाणकारांनाही आवडली होती. पण गिऱ्हाईक मिळेना. अवघ्या ४९ दिवसांत कंपनीने तो बंद करण्याचे जाहीर केले आणि ४९९ डॉलरचा माल ९९ डॉलरला काढून टाकला. त्याच्या भरवशावर आधी ॲप करणाऱ्यांचे कष्ट पाण्यात गेले. बेणे कितीही चांगले असो, रान मानवले पाहिजे!

मग निवड करावी कशी?

१) वापरणारा कोण? बांधावर उभे राहून ऊसनोंद घेणाऱ्या चिटबॉयसाठी ॲप असेल तर अँड्रॉइड घ्यावी. तिचे टॅबलेट स्वस्तात मिळतात, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या खिशातला फोनही त्याच प्रणालीचा आहे. चित्रकारांसाठी किंवा अमेरिकेतल्या पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असेल तर आधी आयपॅड. कचेरीतले सगळे काम विंडोजवर असेल तर विंडोजचा विचार करावा.

२) खर्च किती? दुकानात ॲप ठेवण्यासाठी ॲपल दरवर्षी ९९ डॉलर घेते, गुगल एकदाच २५ डॉलर. शिवाय आयपॅडचे ॲप बांधायला सहसा ॲपलचाच मॅक संगणक लागतो.

३) तपासणी. इथे आयपॅड सोपा, कारण त्याची मॉडेले मोजकी. अँड्रॉइडचे टॅबलेट नाना कंपन्यांचे, नाना आकारांचे. त्यातला हलक्यातला हलका घेऊन, भर उन्हात आणि रेंज नसलेल्या शिवारात ॲप चालवून बघावे. नोंद आधी टॅबलेटमध्येच साठली पाहिजे, रेंज आल्यावर पुढे जाईल.

कोणी म्हणेल, “फ्लटरसारखे साधन वापरून दोन्हीकडे एकदमच करू.” लिहिणे एकदा होते हे खरे, पण तपासणी आणि देखभाल दोन्हीकडे करावीच लागते. हातात माणसे व पैसा थोडा असेल तर आधी एकच प्रणाली धरावी. तिथे ॲप रुजले की दुसरीकडे जावे.

तेव्हा पालकांनो, भांडवल देण्यापूर्वी मुलाला एवढेच सांगा : “ज्यांच्यासाठी करतोस, त्या दहा जणांना आधी भेटून ये. त्यांच्या हातात कोणता टॅबलेट आहे ते बघ. मग आपण पैशाचं बोलू.”