वेबसाइटवर माहिती भरताय? आधी हे पाच शब्द पक्के करा



समजा, तुमचा फराळाचा व्यवसाय आहे. वेबसाइटवर तुम्ही रेटकार्डचा मस्त फोटो टाकलात. पण ज्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्यासाठी तो फोटो म्हणजे बंद शटर! तो स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. फोटोतले दर त्यात नीट वाचले जातीलच, असं नाही. वेबसाइट कोणीही बनवून दिलेली असो, माहिती भरणारे तुम्हीच. म्हणून हे पाच शब्द.

१. ऑल्ट टेक्स्ट: फोटोला जोडलेलं लेखी वर्णन. 'फोटो १२' नको. 'भाजणीची चकली, अर्धा किलोचं पाकीट' असं लिहा. नुसत्या शोभेच्या नक्षीला ते रिकामं ठेवा. आणि दर? ते मजकुरातच टाइप करा.

२. हेडिंग: अक्षरं ठळक केली म्हणजे हेडिंग झालं नाही. एडिटरमध्ये 'हेडिंग २' निवडा. दुकानात आपण पाट्या बघून रॅक शोधतो ना, तसं स्क्रीन रीडरवाला हेडिंगवरून हेडिंगवर जातो.

३. लिंक टेक्स्ट: 'इथे क्लिक करा' म्हटलं, पण जायचं कुठे? त्यापेक्षा 'फराळाची ऑर्डर द्या' लिहा.

४. कॉन्ट्रास्ट: अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या 'एए' पातळीत साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५:१ लागतो. पांढऱ्यावर फिकट पिवळं सरळ नापास. गडद अक्षरं भर उन्हात मोबाइल बघणाऱ्यालाही वाचता येतात.

५. लेबल: फॉर्ममधल्या रकान्याचं नाव. रकान्याच्या आतलं फिकट 'मोबाइल नंबर' टाइप करायला लागलं की गायब होतं. म्हणून नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असं ठेवा.

आता होमवर्क. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा, आयफोनवर व्हॉइसओव्हर. एक टॅप केला की तो वाचतो, लागोपाठ दोन केले की उघडतो. बंद करतानाही हेच लक्षात ठेवा, नाहीतर धांदल उडेल!

मग डोळे मिटा आणि स्वतःच्याच वेबसाइटवर अर्धा किलो चकली मागवून बघा. जिथे अडकाल, तिथूनच गिऱ्हाईक परत जातंय. दुरुस्ती तिथूनच सुरू करा.