सूर्याला बटण नसते

उन्हाळा आला की खानदेशात गच्चीवर बिबड्या वाळत पडतात आणि त्यांची राखण मुलांकडे येते. आता जळगाव-धुळ्याच्या कितीतरी गच्च्यांवर सौर पॅनेलही दिसतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तेथे प्रशिक्षित माणसे काम करतात. आपल्या गच्चीवर मात्र आपणच असतो. म्हणून एक प्रश्न विचारतो : वीज गेली आहे, घरातले मुख्य बटणही बंद आहे, आता पॅनेलच्या तारेला हात लावावा का?

मुळीच लावू नये. एका सौर घटावर ऊन पडले की सुमारे ०.६ व्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो. असे ७२ घट एकसर जोडले की सुमारे ४३ व्होल्ट होतात. अशी आठ पॅनेल एकसर जोडली, तर दाब ३४५ व्होल्टच्या आसपास जातो. घरातली वीज असते २३० व्होल्टची! वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो; नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत दाब राहतोच.

दुसरी गोष्ट ठिणगीची. घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी लवकर विझते. पॅनेलचा प्रवाह एकदिश असतो. तो असा शून्यावर येत नाही. म्हणून चालू स्थितीत जोड ओढून काढला, तर ठिणगी जळतच राहते आणि आग लागू शकते.

करून पाहा : शिक्षकांच्या देखरेखीखाली ६ व्होल्टचे छोटे पॅनेल मल्टिमीटरला जोडा. उन्हातला आणि सावलीतला दाब मोजा. दाब फारसा उतरत नाही. घटतो तो मुख्यतः प्रवाह. आता पॅनेल जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाका आणि फरक पाहा. आभाळ भरून आले म्हणून निर्धास्त का होऊ नये, हे यावरून कळेल.

लक्षात ठेवा :

१. पॅनेल सकाळी लवकर, काच गार असताना मोठ्यांनीच धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते.

२. फुटलेले पॅनेल, सुटलेली तार किंवा तुटलेले अर्थिंग दिसले, तर हात न लावता घरी सांगा. दुरुस्ती जाणकारानेच करावी.

३. पॅनेलच्या चौकटीला कपड्यांची दोरी बांधू नका. पतंग अडकला तर तो गेला असे समजा.

४. धूर दिसला तर पाणी ओतू नका. खाली या, १०१ वर कळवा आणि गच्चीवर सौर पॅनेल आहेत हे आवर्जून सांगा.

बटण दाबून इन्व्हर्टर बंद करता येतो. ऊन मात्र मावळतीलाच बंद होते.