दुकानाची वेबसाईट आणि शिळा भाव

सोलापूरहून गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे गाव लागते. महाराष्ट्राची हद्द येथे संपत आलेली असते. गाव मोठे नाही, परंतु तूर, मूग, उडीद व हरभरा यांची बाजारपेठ म्हणून त्याचे नाव दूरवर माहीत आहे. कर्नाटकातील आळंद व अफझलपूर तालुक्यांतील शेतकरीही आपला माल येथे आणतात. या शेतकऱ्यासमोर दुधनी, अक्कलकोट, सोलापूर किंवा गुलबर्गा असे चार रस्ते असतात. गाडी भरण्यापूर्वी तो भाव विचारतो. पूर्वी तो बाजारातून परतणाऱ्याला विचारीत असे, पुढे टेलिफोनवर विचारू लागला, आणि आता तो खिशातील मोबाईलवर पाहतो. साहजिकच आडत दुकानदार व डाळ मिलवाले स्वतःची वेबसाईट असावी असे म्हणू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र वेबसाईट काढणे हे चार-आठ दिवसांचे काम असून ती ताजी ठेवणे हे रोजचे काम आहे, याचा विचार पैसे देताना फारसा कोणी करीत नाही.

दुकानावर दोन प्रकारची अक्षरे असतात. पेंटरकडून रंगविलेली पाटी दहा वर्षे टिकते. आतील फळ्यावर खडूने लिहिलेला भाव दुसऱ्या दिवशी पुसावा लागतो. वेबसाईट दिसायला पाटीसारखी असली तरी गिऱ्हाईक तिच्याकडे फळा म्हणूनच पाहते. आपले व्यापारी बंधू मात्र पाटीप्रमाणे एकदा पैसे मोजतात आणि विसरून जातात.

यात नुकसान किती होते, ते तुरीच्या उदाहरणावरून पाहू. २०२४ च्या मध्यास तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या बराच वर होता. २०२५ च्या सुरुवातीला नवा माल आला, आयातही खुली होती, आणि भाव हमीभावाच्या आसपास, काही ठिकाणी त्याच्याही खाली आला. त्या हंगामाचा हमीभाव ७,५५० रुपये होता. आता एखाद्या दुकानाच्या पानावर आदल्या जूनचा भाव तारखेशिवाय तसाच राहिला आहे असे समजा. वीस क्विंटल तूर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशोबात क्विंटलमागे तीन हजारांची चूक धरली, तरी साठ हजार रुपयांचा फरक पडतो. मुलीच्या लग्नाची तारीख किंवा सोसायटीचे कर्ज त्याने त्याच आकड्यावर धरलेले असते. गाडीभाडे व हमाली वाया जाते ते वेगळेच. आडत्याने फसविले असे तो गावभर सांगतो, आणि आडत्याला आपण काय केले हेच कळत नाही.

खरे पाहता आडत्याने भावाची हमी देण्याचा प्रश्नच नाही. भाव लिलावात ठरतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, लहान दुकानदाराने आपल्या पानावर भाव लिहूच नये. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाईटवर बाजार समित्यांची आवक तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर तारखेनिशी दिलेले असतात. तेथे दुधनीचेही आकडे मिळतात. आपल्या पानावरून त्या पानाकडे जाण्याची सोय करून दिली की काम भागते. तरीही भाव लिहायचाच असेल तर तारीख, लाल तूर की पांढरी, आणि किमान-कमाल दोन्ही आकडे लिहावेत. दुसऱ्या दिवशी बाजार उठेपर्यंत नवा भाव लिहिणे जमले नाही, तर जुना काढून टाकावा. रिकामी जागा कोणाचे नुकसान करीत नाही.

भाव रोज बदलतो म्हणून तो निदान लक्षात तरी राहतो. वर्षा-दोन वर्षांनी बदलणाऱ्या गोष्टी अधिक फसव्या असतात. ‘आमच्या डाळीला नोंदणीकृत ब्रँड नाही, म्हणून जीएसटी नाही’ हे वाक्य एके काळी बरोबर होते. १८ जुलै २०२२ पासून ब्रँडची ती कसोटी गेली आणि २५ किलोपर्यंतची, आधीच पिशवीत भरून लेबल लावलेली डाळ ५ टक्के करात आली. जुने वाक्य पानावर राहिले तर गिऱ्हाईक बिलावरून भांडणारच. सीमेवरील गावात आणखी एक घोटाळा होतो. दुधनीत दुकान आणि आळंदला गोदाम असेल, तर महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक २७ ने व कर्नाटकाचा २९ ने सुरू होतो. दोन्ही ठिकाणच्या नोंदी पानावर असतील तर कोणता क्रमांक कोठला, हे शेजारीच लिहिलेले असावे.

काही मिलवाले ‘५०० टन तूर सदैव तयार’ असे मोठ्या अभिमानाने लिहितात. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने घाऊक व्यापाऱ्यास तुरीच्या साठ्याची मर्यादा २०० टन घातली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती ५० टनांवर आणली. अशा काळात ती फुशारकी पानावर तशीच ठेवणे म्हणजे तपासनीसाला स्वतःहून आमंत्रण देणे होय! तसेच ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपला माल दुधनीच्या बाजारातला असेल तर तसेच लिहावे.

वेळापत्रकाचेही तेच आहे. रमजानमध्ये दुकानाची वेळ बदलते, शुक्रवारी दुपारी दुकान काही वेळ बंद असते, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. गेल्या वर्षीची सूचना यंदा तशीच राहिली, तर तीस किलोमीटरवरून आलेला माणूस कुलूप पाहून परत जातो. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद असल्यास तेथे विशेष दिवसांची वेळ वेगळी भरता येते, ती भरावी. दुधनीसारख्या ठिकाणी मराठीबरोबर कन्नड मजकूर असणे आवश्यकच आहे. पण एकात बदल केला आणि दुसऱ्यात राहिला, तर आळंदचा शेतकरी जुनेच वाचतो. दोन्ही सांभाळणे होत नसेल तर कन्नडमध्ये फक्त पत्ता, वेळ व फोन ठेवावा.

आता किल्ल्या कोणाच्या हातात आहेत, ते पाहू. आमच्या परिचयातील एका दुकानदाराची वेबसाईट ऐन हंगामात नाहीशी झाली. वेबसाईटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते काढून देणाऱ्या मुलाच्या नावावर होते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, नूतनीकरणाची पत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि मुदत संपली. भांडण नव्हते, लबाडीही नव्हती. नाव मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर व मोबाईलवर नोंदलेले असावे. ते एकदम अनेक वर्षांसाठीही घेता येते. पासवर्ड खतावणीसारखा जपावा.

फुकटच्या जागेवर सगळा भार टाकणाऱ्यांनाही एक धडा मिळालेला आहे. दुकानाच्या नोंदीबरोबर गूगल लहान व्यावसायिकांना फुकट वेबसाईट काढून देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सर्व पाने बंद झाली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला दुकानाच्या नोंदीकडे वळविण्याची सोयही त्या वर्षीच्या १० जूनपर्यंतच होती. ज्यांनी तो पत्ता बिलावर आणि पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांची छपाई वाया गेली.

जे लोक वेबसाईटवरून थेट माल विकतात, त्यांना २०२० चे ई-वाणिज्य नियमही लागू आहेत. त्यानुसार तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यावा लागतो आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. लहान दुकानात हा अधिकारी बहुधा मालकाचा पुतण्याच असतो. पुतण्याने दुकान सोडले की त्याचे नावही बदलले पाहिजे.

हे सर्व करायचे कधी? संध्याकाळी रोकड मिळविताना दहा मिनिटे याच कामाची ठरवावीत, आणि काम एकाच माणसाकडे असावे. महिन्यातून एकदा मालकाने दुसऱ्याच्या मोबाईलवर आपले पान उघडावे व तेथे दिलेल्या नंबरवर स्वतः फोन लावावा. आम्ही एका डाळ मिलच्या पानावरील नंबर लावला, तेव्हा पलीकडून एक वृद्ध बाई बोलल्या. डाळीसाठी त्यांना रोज दोन-तीन फोन येतात, आणि त्या प्रत्येकाला शेजारच्या किराणा दुकानात पाठवितात.