हप्त्याच्या नावाखाली होणारी फसवणूक

पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत थेट बँक खात्यात जमा होतात. हप्ता जवळ आला की काही शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ई-केवायसी अपूर्ण आहे, सोबतचे अ‍ॅप घ्यावे’ असा संदेश येतो. पुष्कळदा तो ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरूनच येतो, कारण त्याचा फोन आधीच भामट्याच्या ताब्यात गेलेला असतो. सोबतच्या फाइलीचे नाव ‘एपीके’ या अक्षरांनी संपते. ती फोनमध्ये बसली व तिला संदेश वाचण्याची परवानगी मिळाली म्हणजे बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याच्या हाती पडतो. खातेदाराने कोणास काहीही सांगितलेले नसते, तरी खाते रिकामे होते! म्हणून ‘ओटीपी सांगू नका’ एवढ्याच उपदेशावर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी थांबू नये.

ई-केवायसी योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा सीएससी केंद्रात करावी. तेथे अंगठा कशासाठी घेतला जात आहे हे निःसंकोच विचारावे. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर रोख रक्कमही काढता येते. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही.

फाइल उघडली गेलीच, तर फोन तत्काळ बंद करावा. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खात्यातील व्यवहार थांबवावेत व पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती अडविता येते. लाजेखातर गप्प बसणाऱ्यास ही संधी राहत नाही. तो फोन जाणकाराकडून पूर्ण पुसून घेतल्याखेरीज त्यावर बँकेचा व्यवहार करू नये.