बेवारस कुत्र्यामांजरांसाठी छोटी संस्था : थोडा अभ्यास, थोडा अनुभव

आपल्या स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, अल्पबचत अशा विषयांवर दरवर्षी लेख येतात. यंदा विद्यार्थी मंडळातील मुलामुलींनी आग्रह धरला की, आम्ही आठ-दहा जण रविवारी जे ‘कुत्र्यांचे काम’ करतो त्याविषयी मी लिहावे. मी बँकेत कारकून, शिक्षण बी. ए. पर्यंत. पशुवैद्यकाचे ज्ञान मला नाही. परंतु या छोट्या गटाचा जमाखर्च सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. हिशोबाची वही चाळली की आपण कुठे शहाणपणाने वागलो आणि कुठे नुसतेच हळवे झालो, हे लपत नाही. त्या वहीच्या आधारानेच हा लेख लिहीत आहे.

मुक्या जनावरांच्या उपचाराची सोय करणे आपल्या देशात नवीन नाही. सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलाशासनात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नोंदवून ठेवले आहे. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल आपल्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून पाहिले असेल. त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. मात्र ही मोठी माणसे, मोठ्या देणग्या. चार सामान्य माणसांनी फावल्या वेळात काय करावे, हे शिकायचे तर चेन्नईच्या ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या संस्थेचा इतिहास वाचावा.

कॅप्टन सुंदरम हे वैमानिक. १९५९ साली मद्रासला जोरदार पाऊस होऊन रस्ते तुंबले असता त्यांना पाण्यात धडपडणारी दोन पिल्ले दिसली, ती त्यांनी घरी आणली. संस्थेचा आरंभ हा असा, राहत्या घरात झाला. पुढे १९६४ साली नोंदणी झाली. त्या काळी मद्रासची महापालिका कुत्री पकडून मारीत असे, आणि हे काम तिथे जवळजवळ शंभर वर्षे चालू होते. ब्लू क्रॉसच्या मंडळींनी विचारले की, शंभर वर्षे मारूनही दरवर्षी मारायला तितकीच, किंबहुना जास्त कुत्री कशी सापडतात? त्यांनी पर्याय मांडला : कुत्री पकडा, शस्त्रक्रिया करून त्यांची प्रजनन क्षमता बंद करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून आणली तिथेच सोडा. ही योजना महापालिकेने प्रत्यक्ष स्वीकारायला १९९० नंतरचा काळ उजाडला. म्हणजे तीस वर्षे अर्ज, बैठका आणि पुन्हा अर्ज. पुढे केंद्र सरकारने २००१ साली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आणले. या साऱ्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

‘तिथेच सोडा’ हे ऐकले की लोक चिडतात. आमच्या वसाहतीतही चिडले. पण याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या गल्लीत कुत्री किती राहतील हे मुख्यतः तिथल्या कचऱ्यावर, खानावळीच्या उरल्यासुरल्या अन्नावर आणि मटणाच्या दुकानामागे काय टाकले जाते यावर ठरते. अन्न तसेच ठेवून तिथली पाच कुत्री उचलली, तर शेजारच्या गल्लीतील कुत्री त्या जागी येतात. ती नवी, बिनलसीची आणि विणारी असतात. शस्त्रक्रिया झालेली, लस टोचलेली जुनी पाच कुत्री मात्र परक्याला सहसा घुसू देत नाहीत आणि त्यांची संख्याही वाढत नाही. अर्थात एका गल्लीतील दोन कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून हा परिणाम दिसत नाही. रेबीजच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना सांगते की, परिसरातील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली तरच रोगाची साखळी तुटते. इथेच बहुतेक छोट्या संस्थांचे गणित चुकते. आमचेही चुकले.

२०१९ च्या पावसाळ्यात आम्ही नवखे होतो. कोणी पोत्यात, कोणी खोक्यात पिल्ले आणून देई. नाही म्हणणे आम्हाला पाप वाटे. एका सभासदाने घरामागची पत्र्याची शेड दिली होती, तिच्यात दीड महिन्यात ११ पिल्ले झाली. एके सकाळी त्यांतील एकाने उलटी केली, संध्याकाळी त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. तो पार्व्हो होता. आठवड्याभरात ७ पिल्ले गेली. त्यांतील दोन आदल्याच दिवशी आणलेली, धडधाकट होती. ती रस्त्यावर राहिली असती तर कदाचित जगली असती, हे आम्हा सर्वांना कळत होते. कोणी बोलले नाही. आमच्यातील नर्सताईंनी एकटीने ती शेड धुतली.

चूक कोठे झाली ते नंतर डॉक्टरांनी समजावले. पार्व्होचे विषाणू जमिनीत, पोत्यात महिनोन् महिने टिकतात. आम्ही रोज फिनेलने फरशी पुसून निर्धास्त होतो, पण या विषाणूवर फिनेलचा भरवसा नाही. त्याला ब्लीचिंगचे द्रावण लागते, आणि तेही आधी घाण स्वच्छ धुतल्यावर. (ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की फिनेलसारखी द्रव्ये मांजरांना विषारी असतात. पायाला लागलेले ते चाटते. तसेच ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये, अर्ध्या गोळीनेही ते दगावू शकते.) नवे पिल्लू आणले की त्याला जुन्यांपासून निदान दोन आठवडे वेगळे ठेवायला हवे. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली लस आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. आमच्याकडे वेगळी जागा नव्हती, म्हणजे पिल्ले घेण्याचा अधिकारच नव्हता.

त्यानंतर आम्ही शेड बंद केली. आता आमचा निवारा असा नाहीच. चार घरांत प्रत्येकी एक जनावर, तेही बरे होईपर्यंत किंवा दत्तक जाईपर्यंत. चारही जागा भरल्या की पाचव्याला नाही म्हणायचे, हा नियम आम्ही इतिवृत्तात लिहून ठेवला आहे. फोनवर हे सांगताना शिव्या खाव्या लागतात. माझ्या बायकोने तर एकदा मलाच सुनावले की, तुमच्या बँकेच्या खिडकीवरही तुम्ही असेच पाटी लावून उठता! पण नियम पाळतो.

पिल्ले दिसली म्हणजे ती बेवारस असतातच असे नाही, हेही विद्यार्थी मित्रांनी लक्षात घ्यावे. आई अन्नाच्या शोधात गेलेली असते. दुरून काही तास पाहावे. मांजरी तर पिल्लांच्या जागाच बदलत राहते, तिने तीन नेली आणि चौथे न्यायला ती येण्याआधीच कोणी दयाळू माणूस ते उचलून आमच्याकडे आणतो. आईविना मांजराचे पिल्लू जगवणे अत्यंत कठीण काम आहे. त्याला आधी ऊब लागते, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घातले तर ते पचत नाही. गाईच्या दुधाने हगवण लागते. अगदी लहान असेल तर रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, आणि ओल्या कोमट कापसाने पुसून त्याला शी-शू करवावी लागते, कारण ते काम एरवी आई चाटून करते. आमच्या गटातील एक रिक्षावाले दादा यात सर्वांत तरबेज आहेत. रात्रपाळीत त्यांच्या रिक्षात मागे एक खोका असतो.

आता आमचा बहुतेक पैसा आणि वेळ माद्यांच्या शस्त्रक्रियांवर जातो. हिशोब सोपा आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, सुमारे ६३ दिवसांत विते, आणि एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. मांजरीचे तर पाचव्या महिन्यापासूनच सुरू होऊ शकते. कुत्र्यांवरील या शस्त्रक्रिया मात्र आपण कोठेही करू शकत नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे हा कार्यक्रम राबवायला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्थाच लागते. आम्ही अशा केंद्राशी तारीख ठरवतो, कुत्री ओळखीच्या माणसाकरवी पकडून देतो, आणि परत आणून त्याच कोपऱ्यावर सोडतो. कानाचा कोपरा कापलेला दिसला की त्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया झाली असे समजावे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस आगारे, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री हटवावीत व पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. त्यामुळे अशा जागेच्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी आम्ही पालिकेत लेखी विचारतो.

दत्तक देण्याविषयी थोडेच सांगतो. लोकांना लॅब्राडोर हवा असतो, गावठी नको. काळे मांजर तर फुकट देऊनही कोणी घेत नाही, त्यात शिकलेली घरेही आली. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन “दुसऱ्या रंगाचं नाही का?” असे विचारले, तेव्हा मला हसावे की रडावे कळेना.

या कामाला सर्वांत गंभीर विरोध झाला तो आमच्याच सभेत. वसाहतीतील एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, उठून उभे राहिले. म्हणाले, “तू शिकलेला माणूस आहेस. माझ्या बापाला गावच्या विहिरीला शिवू दिलं नाही. त्याच विहिरीवर कुत्रं खुशाल पाणी पीत होतं. आता आपल्या पोरांच्या वह्यांचे पैसे कुत्र्याच्या औषधाला घालणार तुम्ही?”

सभा गप्प झाली. मलाही उत्तर सुचले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यामागचा संताप हाच होता की ज्या पाण्याला जनावरे तोंड लावतात ते माणसाला वर्ज्य. १९३१ साली मुंबईत मणिभवनात गांधीजींशी झालेल्या भेटीतही त्यांनी कुत्र्यामांजरांपेक्षा हीन वागणुकीची गोष्ट काढली होती. काकांचे बोलणे त्या अनुभवातून आले होते, ते खोडून काढण्याची माझी योग्यता नाही. तरी एवढे मनात येते की काकांच्या वडिलांना हाकलले ते माणसांनी. तहानलेल्या कुत्र्याचा त्यात काय दोष?

परंतु पैशाबाबत काकांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. त्याच सभेत ठरले की शिष्यवृत्ती निधीतून या कामाला एक रुपयाही जाणार नाही. वेगळे खाते, दोन सह्या, प्रत्येक खर्चाला व्हाऊचर, आणि दर तिमाहीला जमाखर्च फलकावर. औषधाच्या दुकानाची चिठ्ठी नसेल तर पैसे नाहीत, मग तो सभासद कितीही जुना असो. यामुळे दोन जण रुसून गेले. देणगीदार मात्र वाढले.

आणि काकांमुळेच आम्ही कुत्रा चावलेल्यांची वही ठेवू लागलो. त्या वहीत बहुतेक नावे लहान मुलांची आहेत, आणि ती बंगल्यांतील नाहीत, चाळीतील आणि झोपडपट्टीतील आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. चावल्यानंतरचे पहिले काम म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे. मिरची, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे, रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायच्या सीरमची चौकशी करावी, आणि २८व्या दिवसापर्यंतच्या सगळ्या तारखा पाळाव्यात. तिसऱ्या सुईनंतर ‘आता बरे आहे’ म्हणून थांबणारे फार. त्या तारखा आमची कॉलेजची मुले घरोघर जाऊन आठवण करून देतात. काकांच्या नातवाच्या वेळी मीच गेलो होतो. काकांनी चहा दिला, कुत्र्यांचा विषय काढला नाही.

सध्या मच्छी मार्केटमागच्या गल्लीत ९ कुत्री आहेत, त्यांतील ६ झाली. उरलेल्या तिघी माद्या असून एक गाभण असावी. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला, रहदारी सुरू होण्यापूर्वी, त्या पकडायच्या आहेत. पकडणारा माणूस ठरला आहे, रिक्षाही आहे. गल्लीची दोन तोंडे अडवून उभे राहायला चौघे कमी पडतात. ज्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस घेतली आहे अशा सभासदांनी किंवा विद्यार्थ्यांनी आपली नावे कार्यालयातील वहीत लिहावीत.