जाड नंबर, चाळिशी आणि बिनकडेचा चष्मा

मराठीत चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात, ते उगाच नव्हे. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते, जवळचे अक्षर पुसट दिसते आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. ज्यांना लहानपणापासून जाड नंबर आहे, त्यांची अडचण दुहेरी असते. लांबचे पाहायला एक नंबर, वाचायला दुसरा. अशा वेळी बरेच जण प्रोग्रेसिव्ह काचा घेतात आणि त्या नाजूक, बिनकडेच्या म्हणजे रिमलेस फ्रेममध्ये बसवून मागतात. हे जमते का? जमते. मात्र काही गोष्टी काचा कापण्यापूर्वीच ठरवाव्या लागतात. नाहीतर महागडा चष्मा कपाटात पडून राहतो.

प्रथम ही काच समजून घेऊ. प्रोग्रेसिव्ह काचेच्या वरच्या भागात लांबचा नंबर असतो, खालच्या भागात वाचण्याचा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात तो हळूहळू बदलत जातो. बायफोकलसारखी रेघ दिसत नाही. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाझ यांनी तयार केलेली 'व्हॅरिलक्स' ही काच बाजारात आली, तेव्हापासून या प्रकाराचा प्रसार झाला. या काचेतून खालच्या दोन्ही बाजूंना थोडे धूसर दिसतेच. तो दोष नव्हे, काचेचा स्वभाव आहे. म्हणूनच मधला स्पष्ट पट्टा बाहुलीसमोर नेमका यावा लागतो.

आता रिमलेस फ्रेम. हिला कड नसते. नाकावरचा पूल आणि दोन दांड्या काचेला भोके पाडून थेट काचेलाच जोडतात. म्हणजे काच हाच चष्म्याचा सांगाडा. कडेची जाडी झाकायला काही नसते आणि सगळा ताण भोकांवर येतो.

मायनस नंबरची काच मध्ये पातळ व कडेला जाड असते. काच जितकी रुंद, तितकी कड जाड. एक उदाहरण घेऊ. नंबर उणे ८ आहे आणि दोन बाहुल्यांमधले अंतर ६२ मिलिमीटर आहे. फ्रेमच्या दांडीवर किंवा पुलावर ५४ आणि १८ असे आकडे असतील, तर ५४ ही काचेची रुंदी आणि १८ हे दोन काचांमधले अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. अशा फ्रेममध्ये साध्या प्लॅस्टिक काचेची कानाकडील कड अंदाजे १० मिलिमीटर जाड होते. १.६७ या प्रकारची महाग 'पातळ' काच घेतली, तरी ती साडेसात मिलिमीटरच्या आसपास राहते. आता ४६ आणि २० आकड्यांची लहान फ्रेम घ्या. साधी काचही सुमारे ७ मिलिमीटरवर येते आणि १.६७ ची काच ५ मिलिमीटरच्या जरा वर.

म्हणजे मोठ्या फ्रेममधल्या महाग काचेपेक्षा लहान फ्रेममधली साधी काच पातळ! जाड नंबरवाल्यांनी आधी फ्रेमचा आकार निवडावा, काचेचा प्रकार नंतर. रिमलेसमध्ये एक सोय आहे. फ्रेमसोबत येणारी नमुन्याची काच तशीच ठेवावी लागत नाही. पूल आणि दांड्या त्याच ठेवून काच लहान किंवा गोलसर कापून घेता येते. चष्मेवाल्याकडे तशी मागणी जरूर करावी.

पण लहान म्हणजे बुटकी नव्हे. प्रोग्रेसिव्ह काचेला उंची लागते. बाहुलीपासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत, काचेच्या प्रकारानुसार, साधारण १४ ते १८ मिलिमीटर जागा हवी. ती नसेल तर वाचण्याचा भागच कापला जातो. तेव्हा रुंदी कमी करावी, उंची राखावी.

प्लस नंबरवाल्यांचे गणित उलटे आहे. त्यांची काच मध्ये जाड व कडेला पातळ असते. भोक पाडायला कडेला पुरेशी जाडी ठेवावी लागते, त्यामुळे मधला भाग आणखी फुगतो आणि वजन वाढते. त्यांनाही लहान आकारच सोयीचा.

काच कशाची असावी? साध्या प्लॅस्टिक काचेला भोकाजवळ तडे जातात, म्हणून जाडीचा हिशेब जमला तरी रिमलेससाठी ती टाळावी. ट्रायव्हेक्स किंवा १.६० प्रकारची काच भोके चांगली सोसते. नंबर फार मोठा असेल तर १.६७ घेता येते. पॉलिकार्बोनेट आघाताला दणकट असते, पण नखांचा रंग पुसण्याचे ॲसिटोन किंवा थिनर तिला लागला तर ती तडकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माप. उणे ८ च्या काचेत मध्य ३ मिलिमीटर चुकला, तर उणे २ च्या काचेत १२ मिलिमीटर चुकल्याइतका परिणाम होतो. डोके दुखते, जमीन वर-खाली भासते. म्हणून पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

१) निवडलेली फ्रेम आधी नाकावर व कानांवर नीट बसवून घ्यावी, माप त्यानंतर द्यावे.

२) नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीचे अंतर वेगवेगळे मोजावे. दोन्ही बाजू नेहमी सारख्या नसतात.

३) बाहुलीची उंची मोजताना ताठ उभे राहून किंवा बसून समोर पाहावे, मान वर करू नये.

४) चष्मा तयार झाल्यावर काचेवरच्या रंगीत खुणा लगेच पुसू देऊ नयेत. चष्मा घालून आरशात पाहावे. बाहुलीसाठीची खूण बाहुलीसमोरच आली पाहिजे.

खुणा पुसल्यावरही तपासता येते. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती उजेडात तिरकी धरावी. दोन बारीक कोरीव खुणा दिसतात, एकमेकींपासून बहुधा ३४ मिलिमीटरवर. त्या आडव्या एका रेषेत नसतील, तर काच फिरलेली आहे असे समजावे.

रिमलेस चष्मा दोन्ही हातांनी काढावा व घालावा. एका हाताने ओढल्यास पूल पिळतो आणि मधला पट्टा बाहुलीसमोरून सरकतो. दर दोन-तीन महिन्यांनी स्क्रू तपासून घ्यावेत. जी व्यक्ती शेतात, यंत्रावर किंवा लहान मुलांत दिवसभर वावरते, तिने पूर्ण कडेची हलकी फ्रेम घेतलेली बरी.

नवीन प्रोग्रेसिव्ह चष्म्याची सवय व्हायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. या काळात जिना उतरताना विशेष जपावे. काचेच्या खालच्या भागात वाचण्याचा नंबर असल्याने पायरी धूसर दिसते. हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पाहावे आणि कठडा धरावा. वृद्धांचे खुब्याचे हाड मोडायला एक चुकलेली पायरी पुरते. ज्यांचा तोल जातो, त्यांनी घराबाहेर फिरताना फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा वापरावा. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला तर सहन करत बसू नये, माप पुन्हा तपासून घ्यावे.

आणि चष्म्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू वाढत असेल किंवा मधुमेहात साखर वर-खाली होत असेल, तर नंबर बदलतो आणि नवा चष्मा लवकरच निरुपयोगी ठरतो. उणे ६ च्या वर नंबर असलेल्यांनी बाहुलीत औषध घालून पडदाही तपासून घ्यावा, कारण त्यांचा पडदा सुटण्याचा धोका अधिक असतो. डोळ्यांसमोर अचानक वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा कडेने सावली पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. चष्मेवाल्याकडे नव्हे.