उपाहारगृहाची तपासणी : परिसर अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता पाचवीसाठी)

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक मोठ्या गावांत एस. टी. थांब्याजवळ चहा-फराळाचे एखादे उपाहारगृह असतेच. बाजाराच्या दिवशी मुले आईवडिलांचे बोट धरून तेथे जातात आणि भजी, मिसळ किंवा जिलबी आवडीने खातात. ‘नेहमी स्वच्छ अन्न खावे’ हे वाक्य हीच मुले वर्गात तोंडपाठ म्हणतात. परंतु स्वच्छ अन्न म्हणजे काय, ते कोणी व कशावरून ठरवावयाचे, असे विचारले असता ती गोंधळून एकमेकांकडे पाहतात. पाठांतर आणि आचरण यांतील हे अंतर कमी व्हावे, या हेतूने पुढील पाठ सुचविला आहे.

पाठाची मांडणी सांगण्यापूर्वी एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी हाच पाठ पाहिला. शिक्षक तरुण व उत्साही होते. त्यांनी तीस मुलांना कोणतीही पूर्वसूचना न देता थांब्यावरील उपाहारगृहात नेले. मुलांनी मोरीतील खरकटे, उघडी चटणी, टेबल पुसण्याचे काळे फडके असे एकेक दोष मोठमोठ्याने मोजण्यास प्रारंभ केला. बाकांवरील गिऱ्हाइके हसू लागली. मालकांची मुलगी त्याच वर्गात होती. ती रांगेच्या शेवटी मान खाली घालून उभी होती, हे मी पाहिले. परंतु त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. शेरेबुकात ‘पाठ प्रभावी झाला’ असे लिहून मी परतलो. ती मुलगी पुढे चार दिवस शाळेत आली नाही, हे मला नंतर समजले. तिच्या वडिलांना भेटण्यासाठी शिक्षकांसह मी गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, घाण होती हे खरंच आहे. पण मला आधी एकट्याला सांगितलं असतं, तर मी ऐकलं नसतं का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढे अन्नसुरक्षेचा कायदा लक्षपूर्वक वाचला, तेव्हा त्या गृहस्थांचे म्हणणे कायद्यालाही मान्य आहे, असे दिसून आले.

१. शिक्षकांसाठी पूर्वमाहिती

आपल्या देशात अन्न भेसळ प्रतिबंध अधिनियम १९५४ साली संमत झाला. त्याचा मुख्य रोख भेसळ शोधून शिक्षा करण्यावर होता. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली. हा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. अन्न निर्भेळ असण्याबरोबरच ते तयार करण्याची जागा, पाणी, भांडी आणि हाताळणारी माणसे स्वच्छ असली पाहिजेत, यावर या कायद्याचा भर आहे. लहान चहावाल्यापासून मोठ्या उपाहारगृहापर्यंत प्रत्येक अन्नव्यावसायिकाने नोंदणी करावयाची असते किंवा परवाना घ्यावयाचा असतो. दर्शनी भागी लावलेल्या प्रमाणपत्रावर चौदा अंकी क्रमांक असतो. त्याचा पहिला अंक २ असल्यास ती नोंदणी आणि १ असल्यास तो परवाना समजावा.

महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे असून तपासणी अन्न सुरक्षा अधिकारी करतात. नमुना घेताना ते मालकाला तशी लेखी सूचना देतात व नमुन्याची नेहमीच्या विक्रीदराने किंमत मोजतात. नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो व दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. मालकाने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तपासून घेता येतो. विश्लेषकाने आपला अहवाल चौदा दिवसांत द्यावयाचा असतो आणि त्याविरुद्ध अपील करण्याची मुभा मालकाला असते. जनतेच्या आरोग्याइतकीच मालकावर अन्याय न होण्याचीही काळजी येथे घेतली आहे.

या कायद्याच्या ३२ व्या कलमातील ‘सुधारणा नोटीस’ शिक्षकांनी अवश्य समजून घ्यावी. व्यवसायात नियमांचे पालन होत नसल्यास अधिकारी नोटीस देतो. दोष कोणता, तो दोष का मानला, तो दूर करण्यासाठी काय करावयाचे, हे तीत लिहिलेले असते आणि त्यासाठी किमान चौदा दिवसांची मुदत असते. मुदतीत सुधारणा न झाल्यास परवाना स्थगित होतो व त्यानंतरही दोष तसाच राहिल्यास तो रद्द होऊ शकतो. आरोग्यास तातडीचा धोका असल्यास व्यवसाय तत्काळ थांबविण्याची तरतूद निराळी आहे. निबंधाची वही तपासताना चूक दाखविणे, ती का चूक आहे ते सांगणे आणि पुन्हा लिहिण्यास वेळ देणे, हा आपलाच नित्याचा व्यवहार आहे. चांगला शिक्षक ती वही वर्गापुढे उंच धरून दाखवीत नाही.

२. वर्गातील पूर्वतयारी (दोन तासिका)

पहिल्या तासिकेत रोगजंतू कसे पसरतात हे प्रयोगाने दाखवावे. एका विद्यार्थ्याच्या तळहाताला तेलात कालवलेली हळद लावून त्याला वर्गात नित्याप्रमाणे वावरू द्यावे. पाच मिनिटांनी पाटी, दार, मित्राचा हात, पाण्याचा पेला यांवरील पिवळे डाग मुलांनाच शोधू द्यावेत. नंतर नुसत्या पाण्याने हात धुऊन काय होते आणि साबण लावून चोळल्याने काय होते, याची तुलना करावी. डोळ्यांना न दिसणारे जंतू याच वाटेने प्रवास करतात, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या तासिकेत गणिताची जोड द्यावी. अनुकूल उष्णतेत काही जंतू दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. सकाळी आठ वाजता भाजीत एकच जंतू होता असे मानल्यास दुपारी बारापर्यंत बारा वेळा दुप्पट होऊन त्यांची संख्या ४,०९६ होते. हे कोष्टक मुलांनी स्वतः फळ्यावर मांडावे. शिजलेले अन्न गरम ठेवावयाचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवावयाचे तर ५ अंशांच्या खाली, हा नियम का केला, ते या कोष्टकावरून उमगते.

हातांच्या स्वच्छतेसंबंधी मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची हकिकत सांगण्याजोगी आहे. १९०६ साली न्यूयॉर्कजवळील ऑयस्टर बे येथील एका घरात अकरा माणसांपैकी सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर यांनी शोध घेतला असता, ती स्वयंपाकीण पूर्वी ज्या घरी कामास होती त्यांपैकी अनेक घरांत हाच रोग उद्भवल्याचे आढळले. ती स्वतः धडधाकट होती. परंतु तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू वास करीत होते. १९०७ पासून तीन वर्षे तिला इतरांपासून दूर ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिची सुटका झाली. तथापि १९१५ साली ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना आढळली आणि १९३८ साली मृत्यू येईपर्यंत तिला बंदिवासातच राहावे लागले. दिसण्यात निरोगी माणूसही रोग पसरवू शकतो, म्हणून अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावयाची असते. मात्र मेरीला दुष्ट म्हणून रंगवू नये. आपण रोग पसरवितो, हे तिला पटले नव्हते आणि स्वयंपाक हेच तिच्या पोटाचे साधन होते. केवळ मनाई करून भागत नाही, समजूतही घालावी लागते, हा विचार मुलांपुढे जरूर ठेवावा.

३. भेट

भेटीपूर्वी शिक्षकांनी एकट्याने जाऊन मालकांची अनुमती घ्यावी, प्रश्नावली त्यांना दाखवावी व गर्दी नसलेली वेळ त्यांनाच विचारावी. आठ-दहा मुलांचा एकेक गट न्यावा. मालकांचे मूल वर्गात असल्यास त्याच्याशी आधी बोलून, त्याला गटात यावयाचे की नाही हे त्याच्याच इच्छेवर सोडावे. मुलांनी नमस्कार करून “काका, आम्ही पाहू का?” असे विचारून आत जावे. दोष मोठ्याने बोलू नयेत, वहीत टिपावेत. निरीक्षणासाठी पुढील प्रश्न पुरेसे आहेत :

(१) नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी लावले आहे काय? त्याची मुदत केव्हापर्यंत आहे?
(२) पिण्याचे पाणी कोठून येते? ते झाकलेले असते काय? ते काढण्यास दांड्याचे ओगराळे आहे काय?
(३) हात धुण्यास साबण व पाणी आहे काय?
(४) कच्चे व शिजलेले पदार्थ वेगवेगळे व झाकून ठेवले आहेत काय?
(५) कपबश्या कशा धुतात? एकाच बादलीच्या पाण्यात, की वाहत्या पाण्याखाली?
(६) खरकटे टाकण्याची बादली झाकणाची आहे काय?
(७) खाद्यपदार्थ कशात बांधून देतात? (छापील शाई पोटात जाऊ नये म्हणून वर्तमानपत्राचा कागद यासाठी वापरण्यास २०१८ च्या विनियमांनी मनाई केली आहे.)
(८) तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवून वापरतात काय?
(९) येथील कोणती गोष्ट आपणही घरी करावी, अशी आहे?

शेवटचा प्रश्न कदापि गाळू नये. जो केवळ दोष पाहतो, त्याचे निरीक्षण अर्धेच होते. शक्य असल्यास ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास विनंती करून पाण्याची ओ. टी. चाचणी मुलांसमोर करून घ्यावी. पाण्यात क्लोरीन असल्यास द्रावणाला पिवळा रंग येतो. रंग न आल्यास तो दोष उपाहारगृहाचाच असेल असे नव्हे. गावच्या टाकीत विरंजक चूर्ण पडले नसेल, तर चहावाला काय करणार? ही साखळी मुलांना शोधू द्यावी.

४. भेटीनंतर

मुलांनी गटागटाने मालकांना एक पत्र लिहावे. प्रथम आभार, नंतर आवडलेल्या दोन गोष्टी आणि शेवटी कारणांसह एक-दोन नम्र सूचना, असा त्याचा क्रम असावा. पत्र शिक्षकांनी स्वतः नेऊन द्यावे. ते फळ्यावर वा चावडीवर लावू नये. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भेट घ्यावी. आरोग्यास गंभीर धोका दिसल्यास तो मुलांवर सोपवू नये. शिक्षकांनी मालकांना तत्काळ सांगावे आणि उपयोग न झाल्यास प्रशासनास लेखी कळवावे. सौम्यपणा म्हणजे डोळेझाक नव्हे.

५. प्रथम आपले स्वयंपाकगृह

या पाठाचा खरा आरंभ शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत झाला पाहिजे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत दुपारचे भोजन घेतलेली २३ बालके दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे पिकांवर फवारण्याचे विष गेले होते. ते स्वयंपाकघर शाळेचेच होते, हे आपणापैकी कोणीही विसरू नये. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी घ्यावयाची चव ही नोंदवहीतील सहीपुरती उरता कामा नये. धान्याची कोठी, तेलाचा डबा, पाण्याची टाकी, स्वयंपाकी ताईंच्या हाताशी असलेला साबण, या सर्वांवर वरीलच प्रश्नावली मुलांकडून आधी भरून घ्यावी आणि निघालेले दोष मुलांदेखत दूर करावेत. आपल्या घरचे दोष स्वीकारलेली मुले दुसऱ्याच्या दारी गेल्यावर हसत नाहीत.

ज्या शाळेचा अनुभव आरंभी सांगितला, तेथे पुढील वर्षी हा पाठ या क्रमाने घेण्यात आला. त्या उपाहारगृहात आता चटणीवर झाकण असते आणि मोरीजवळ साबण असतो. पहिल्या भेटीचा माझा शेरा मात्र शेरेबुकात तसाच होता. त्याखाली मी तारीख घालून लिहिले : ‘वरील शेरा चुकीचा आहे. त्या दिवशी पाठ झाला नव्हता.’